उकळलेलं पाणी

टँकर वेळेवर येईनात म्हणून वारजेतल्या सोसायटीची जुनी विहीर अध्यक्ष वसंतरावांनीच हट्टाने सुरू करवली होती. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरली, तेव्हा रहिवाशांनी सभा बोलावली. “उकळून पितो की आम्ही,” वसंतराव म्हणाले. “मग उकळलेलंच आणलंय, प्या,” म्हणत एकाने ग्लास पुढे केला. वसंतरावांचा हात उठेना. बायको महिनाभर नावं विसरत होती आणि सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, “शेवाळाचं विष मेंदूवर परिणाम करू शकतं, उकळूनही जात नाही. विहिरीचं पाणी आधी थांबवा.” शेजारी बसलेल्या मुक्ताबाईंनीच नवऱ्याची लाज राखायला ग्लास उचलला. तो ओठांशी जाताच वसंतरावांनी हिसकावून घेतला. “विहीर आजच बंद करा! चूक माझी आहे.” एकच गलका झाला. मुक्ताबाई भांबावून सगळ्यांकडे बघत राहिल्या. “अहो,” त्यांनी हळूच विचारलं, “आपण कुणाकडे आलोय?”