मोतिया की राखी

"राखीच बरा," थोरल्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. "डाग पडला तरी कळत नाही."

"नव्या संसाराला राखी?" धाकटी म्हणाली. "मोतिया लावूया, आई. खोली कशी उजळून निघेल."

रंगाऱ्याने भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर पट्टे मारून ठेवले होते. दहा दिवसांवर लग्न, नवरा-नवरीची खोली, एवढंच त्याला फोनवर कळलं होतं. बाकीचं त्याने आल्या आल्या ताडलं. लग्नाआधीच सुनेला मुठीत ठेवू पाहणाऱ्या सासवा त्याने तीस वर्षांत चिक्कार पाहिल्या होत्या.

पट्टे वाळेपर्यंत तो गॅलरीत दाराची चौकट घासत बसला. आतलं बोलणं कानावर पडतच होतं.

"अजून वेळ गेलेली नाही. मोडूया हे लग्न," थोरल्या म्हणत होत्या. "लोक तोंडावर गोड बोलतील आणि पाठ वळली की हसतील."

"हसू देत. मी मागे हटणार नाही. त्यांना शब्द दिलाय."

"आणि नाही पटलं तर?"

"तर मी आहे ना."

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा रंगाऱ्याचा नेम. पण आज त्याला राहवेना. पॉलिशपेपर खाली टाकून तो आत गेला.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "डाग पडला तर मी येऊन फुकट रंगाचा हात मारून देईन. पण ज्याला संसार करायचाय ना, त्याच्या मनाला विचारा. लोक काही इथे राहायला येणार नाहीत."

थोरल्या बाई भिंतीकडे वळल्या. दोन्ही पट्ट्यांपुढे उभ्या राहिल्या. मग त्यांनी मोतियावर बोट टेकवलं. रंग अजून ओलसर होता. बोटाला लागला, तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"हाच," त्या हळूच म्हणाल्या.

धाकटीने त्यांना मिठीच मारली. रंगाऱ्याने समाधानाने डबा उघडला. चला, एका पोरीचा संसार मार्गी लागला.

तेवढ्यात बेल वाजली. धाकटी धावत गेली आणि जिना चढून धापा टाकणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र मिशांच्या एका गृहस्थांना हाताला धरून आत घेऊन आली.

"या नवरदेव," ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी रंग पसंत केलाय."