अजातशत्रूंची शोकसभा

"धामणकर सर म्हणजे अजातशत्रू! त्यांच्या जाण्यानं न भरून येणारी पोकळी निर्माण झालीय," प्राचार्य शोकसभेत म्हणाले आणि वैजयंतीनं दातओठ खाल्ले. याच सरांच्या हाताखाली तिनं हजारो शोकसभांची आणि निवृत्ती समारंभांची भाषणं संगणकावर ताडून पाहून पीएचडी केली होती. निष्कर्ष: शब्द तेच, फक्त हार गळ्यातून फोटोवर जातो.

"म्हणजे महाराष्ट्रात तिरसट माणूस मरतच नाही!" सर तेव्हा गडगडाटी हसले होते. "मी गेल्यावर कुणी पोकळीचं नाव काढलं, तर भूत होऊन तुझा प्रबंध फाडीन."

तिचं नाव पुकारलं गेलं. हातातल्या कागदावर बघते तर दुसऱ्याच ओळीत पोकळी! तिनं कागदाचा बोळा केला.

"सर महाखडूस होते. माझा प्रबंध त्यांनी खिडकीबाहेर भिरकावला. मग मलाच शिव्या हासडत स्वतः खाली जाऊन पान न् पान वेचून आणलं."

इतका वेळ दगडासारख्या बसलेल्या सरांच्या पत्नी फिसकन हसल्या आणि पाठोपाठ ओक्साबोक्शी रडू लागल्या.

"आत्ता कुठं कुणीतरी आमच्या ह्यांच्याबद्दल बोललं!"