भामचंद्रावरचं वाघरू

“गेनबा, आज वाघ दिसला नाही तर पुढच्या खेपेला आमची लॉरी सरळ लोहगडाला,” ओढ्यापाशी खाली उतरता उतरताच उद्धवराव म्हणाले. “पोरं तुम्हाला थापाड्या म्हणायलीत. मी तरी किती सांभाळून घ्यावं?”

गेनबा हसला. हसला की त्याचे उरलेसुरले दात एकदम हजेरी लावत. “दिसंल की! सांगावा धाडलाय त्याला.”

लॉरीतली मंडळी खिदळली. पिंपरीच्या नव्या कारखान्यातली ही माणसं. कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी पार रत्नागिरीकडचं. उद्धवराव त्यांचे मुकादम. डोंगराखालच्या गेनबाच्या वाडीतली तरणी पोरं पिंपरीला गेली होती आणि पिंपरीतली माणसं सुट्टीच्या दिवशी भामचंद्राच्या डोंगरावर येऊ लागली होती. कडे बघायचे, गुहेत गारव्याला बसायचं, करवंदं खायची आणि गेनबाची गोष्ट ऐकायची.

गोष्ट तशी एकच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गेनबा आणि सगुणा करवंदांची पाटी घेऊन डोंगर उतरत होते. तळ्यावरच्या खडकापाशी वाघरू आडवं आलं.

“अशी डरकाळी फोडली, का कड्याचं धोंडं घरंगळलं!” गेनबा सांगायचा. “मी म्हनलं, बाजूला व्हय बाबा, नवी नवरी हाय संगं. सरलं बगा बाजूला, शानं व्हतं.”

तेव्हा वाघरू कुत्र्याहून थोडंसंच मोठं होतं. गेनबाच्या तोंडी ते दर वर्षी हातभर वाढत गेलं. आता त्याचं शेपूट चाकणच्या वेशीपर्यंत पोचायचंच काय ते बाकी होतं. वाडीतल्या लोकांना गोष्ट पाठ होती. गेनबानं तोंड उघडलं की प्रत्येकाला आपली हरवलेली शेळी शोधायला जायचं आठवे. ऐकणारी उरली होती ती ही लॉरीतली माणसं. ती लोहगडाला गेली, की गोष्ट गेनबाच्या पोटातच राहणार.

साक्षीदार एकच, सगुणाबाई. पण ती कधी साक्षीला उभी राहिली नाही.

“मला न्हाई ठावं. मी डोळं मिटून घेतलं व्हतं,” एवढंच म्हणायची. जन्मभर हेच.

वाघ डोंगरावरून कधीच गेला होता. झाडी तुटली, रान उघडं पडलं, रात्री कुत्रीसुद्धा भुंकेनाशी झाली. म्हणून गेनबानं कोंडाजीला गाठलं. कोंडाजी जत्रेतल्या सोंगांमधला कायमचा वाघ. त्यानं खडकामागं दबा धरायचा, गेनबा खोकला की डरकाळी फोडायची. अंगणात हे ठरत असताना सगुणाबाई तांदूळ पाखडत होती.

“म्हातारपणी वाघ भाड्यानं आणायची येळ आली व्हय?” ती हसली. मग सुपातले खडे वेचत म्हणाली, “कोन्त्या खडकामागं म्हनं?”

गेनबानं तिच्याकडं लक्षच दिलं नाही.

चढता चढता तळ्यावरचा तो खडक आला. मंडळी घाम पुसत उभी राहिली. गेनबा खोकला.

काहीच नाही.

तो पुन्हा खोकला. यावेळी जरा जोरात.

“कामून खोकायलात? पाणी देऊ का?” उद्धवराव म्हणाले. मागं कुणीतरी फस्सकन हसलं.

गेनबाला आता खरंच खोकला यायची पाळी आली. तेवढ्यात खडकामागून आवाज आला.

डरकाळी नव्हती ती. खर्र... खर्र... खर्र. ओल्या लाकडात सुतारानं करवत चालवावी तसा आवाज. करवंदीच्या जाळीत काहीतरी पिवळं हललं.

गेनबा खोकायचं विसरला. हा कोंडाजी नव्हे. कोंडाजीला डरकाळीपलीकडं काही येत नाही. हा आवाज गेनबानं आयुष्यात एकदाच ऐकला होता, त्या उन्हाळ्यात. गोष्टीत मात्र तो त्यानं कधी सांगितला नाही. लोकांना डरकाळी हवी असते, करवत ऐकून कोण घाबरतं?

पण मंडळी घाबरली. डबे तिथंच टाकून जी पळाली ती थेट ओढ्यापर्यंत. उद्धवरावांची टोपी जाळीला लटकून राहिली. गेनबा एकटाच उभा होता. “बाजूला व्हय बाबा,” तो पुटपुटला.

“गेनबा,” मागाहून उतरून आलेल्या गेनबाला लॉरीत चढताना उद्धवराव धापा टाकत म्हणाले, “लोहगड राहू द्या. पुढच्या खेपेला घरच्यांनाबी आणतो. पण गोष्ट इथंच ऐकू, ओढ्याकाठी.”

लॉरी गेली. वाडीत शिरताना कोंडाजी ओट्यावर पाय पसरून बसलेला दिसला. घोट्याला हळदीचा लेप होता.

“मुरगाळला सकाळीच. म्हनून न्हाई आलो. तुज्या घरी निरोप धाडला व्हता की रं!”

गेनबा ते ऐकायला थांबला कुठं! तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. सगुणाबाई चुलीपाशी सुईदोरा घेऊन बसली होती.

“सगुने, परत आलं गं! आपलं वाघरू परत आलं! तोच आवाज!” गेनबाचे डोळे भरून आले. “येवढं आविष्य गेलं, मला वाटलं, मीच खोटा. आज तरी खरं सांग. तवा तू बी ऐकलं व्हतंस ना?”

सगुणाबाईनं मांडीवरचं पिवळं लुगडं उलटं केलं, त्यात अडकलेला करवंदीचा काटा उपसून चुलीत टाकला आणि बसलेल्या घशानं म्हणाली, “मी डोळं मिटलं व्हतं. कान न्हाई.”