एक पोतं तूर

“या बाईंना कंपनीच्या वतीनं दावा लावायची परवानगी मागायचा हक्कच नाही,” चेअरमनचे वकील म्हणाले. “यंदा त्यांनी कंपनीला तुरीचा दाणासुद्धा घातलेला नाही.”

नगरच्या कोर्टात उभ्या झुंबरबाईनं पदर सावरला.

पारनेर तालुक्यातल्या चार गावांनी पै-पै घालून शेतकऱ्यांची कंपनी उभी केली, डाळमिल घातली. ती डाळमिल चेअरमन कानिफनाथनं सख्ख्या जावयाला मातीमोलानं विकली. कंपनीनं दावा लावावा, तर कंपनीची सही चेअरमनच्या हातात. तो कशाला स्वतःला कोर्टात खेचतोय? कुंपणानंच शेत खाल्लं. म्हणून झुंबरबाई उभी राहिली होती: कंपनीसाठी मला भांडू द्या. पण नियम साऱ्या गावाला तोंडपाठ होता. वर्षाला निदान एक पोतं माल घालील, तोच सभासद; आणि कंपनीसाठी भांडायचा हक्क सभासदालाच.

“मग तूर गेली कुठं?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“मी सांगतो साहेब.” कानिफनाथ उठला. शपथ घेतली आणि बोलला ते अक्षर न् अक्षर खरं बोलला.

गावात सप्ता बसला होता. त्या दिवशी कीर्तन असं रंगलं, की टाळकऱ्यांना भान उरलं नाही. बुवांनी विदुराघरच्या कण्या अशा वाढल्या, की बायाबापड्यांचे पदर भिजले. झुंबरबाईला राहवेना. भर मंडपात उठून तिनं भंडाऱ्याला तूर बोलली. “एक पोतं तेवढं कंपनीला ठिवते,” म्हणाली. तेव्हा कानिफनाथच हात जोडून पुढं आला होता. “आक्का, देवाला वाढताना हात आखडायचा व्हय?” मंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. बाई लाजली, आणि तेही पोतं देऊन बसली. त्यानं तिच्या गळ्यात हार घातला. सकाळी त्याचाच टेम्पो येऊन सगळी तूर घेऊन गेला.

“अशी माउली आमच्या गावात हाय, साहेब,” म्हणत कानिफनाथनं तिच्याकडं बघून हात जोडले.

झुंबरबाईच्या वकील मनवाताई तिच्या कानाशी लागल्या. “आजी, एक पोतं कंपनीला घातलं होतं म्हणा. पावती हरवली म्हणा. पुढचं मी बघते.”

झुंबरबाईनं डोळे मिटले. एका शब्दावर चार गावांची डाळमिल टांगलेली होती. पण देवाला वाहिलेलं माघारी कसं घ्यायचं? आणि तेही खोटं बोलून?

“न्हाई साहेब,” ती म्हणाली. “समदी देवाला दिली. कंपनीला न्हाई.”

अर्ज फेटाळला गेला.

बाहेर पायरीवर कानिफनाथ चारचौघांदेखत तिच्या पायांवर वाकला. “वैरी असावा तर असा,” कोणी तरी म्हणालं. जन्माची सवय, झुंबरबाईचा हात आपसूक त्याच्या डोक्यावर गेला.

खाली वाकल्या वाकल्याच तो हळूच म्हणाला, “आक्का, यंदा माझं रान पडीकच हुतं. तुमचं ते एक पोतं भंडाऱ्यात गेलंच न्हाई. मी ते माझ्या नावानं कंपनीला घातलं, म्हनून तर सभासद राह्यलो.”