डिसेंबरातलं ऊन

उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्डला आमच्या संशोधन केंद्रावर नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य उगवतच नाही. त्या काळोखातही आभाळात किती उजेड उरतो, ते मोजायला छतावर एक कॅमेरा वर तोंड करून बसवलेला आहे. माझा जोडीदार आयविंद रोज दुपारी बारा वाजता त्याच्या काचेवरचा बर्फ पुसायला जायचा.

त्या दिवशी तो मला खाली कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला, तो डोळ्यांवर आडवा हात धरून. उजेडाचे आकडेही इथल्या भर उन्हाळ्यातले होते.

खिडकीबाहेर मिट्ट अंधार होता.

मी वॉकीटॉकी उचलला. "आयविंद, कॅमेरा बिघडलाय. खाली ये."

"थांब गं सिग्ने, पाच मिनिटं. किती दिवसांनी ऊन पडलंय!"

"चेष्टा पुरे. उणे बावीस आहे बाहेर."

"मग तूच ये की वर. आत काय अंडी उबवतेस?"

तो हसला, आणि पडद्यावर त्याने सावकाश जाकीट काढलं.

मी धावत शिडी चढले. वर काळोखच होता. टॉर्च सगळीकडे फिरवला, हाका मारल्या. आयविंद नव्हता. बर्फावर त्याचं जाकीट पडलं होतं. उचललं, तर भर दुपारी दोरीवरून काढलेल्या कपड्यासारखं ऊन-ऊन लागलं.