चौरंगाचं भोक

“अहो, माझ्या माहेरच्या चौरंगाला भोक कोणी पाडलं?”

“भोक नाही, लेन्सची जागा आहे ती,” हातातलं ड्रिल मागे लपवत हे म्हणाले.

आमच्या लग्नातल्या फोटोंच्या निगेटिव्ह घरीच कॅमेऱ्याने टिपायच्या, असं निवृत्त झाल्यापासून यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी कॅमेरा सरळ खाली बघेल असा स्टँड हवा होता. तीन आठवडे निवड चालली. एक फारच उंच, दुसरा डुगडुगणारा, तिसऱ्याची मान लुळी पडायची. शेवटी यांना पसंत पडला तो माझा शिसवी चौरंग! वर कॅमेरा, भोकातून लेन्स, खाली दिवा आणि निगेटिव्ह.

मी चार दिवस अबोला धरला.

रविवारी सत्यनारायण होता. भोक झाकायला मी लाल कापड अंथरलं. खांबेटे गुरुजींनी त्यावर तांदूळ घातले, कलश ठेवला आणि त्याचं बूड कापडासकट भोकात बसलं. मी डोळेच मिटले.

“वा, काकू! कलश तसूभर हलत नाही. असा चौरंग कुठे मिळाला?”

“यांनी मुद्दाम करून घेतलाय,” मी म्हटलं. हे लगेच ताठ बसले.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलल्यावर हे कॅमेरा घेऊन हजर. मी चौरंग उचलला आणि देवघरात ठेवला.

“हा आता देवाचा. तुम्ही दुसरा स्टँड शोधा.”

यांची नजर हळूच माझ्या पोळपाटाकडे वळली.