अँपमधला जादा सूर

"कुनाला पटायचं न्हाय, पर सांगतो," अंथुर्णे गावच्या टपरीवर चहा फुंकत रामहरीतात्या म्हणाले. "बेस गिटार वाजवून मी थांबलो, की माझा छोटा अँप, गिटारचा आवाज मोठा करनारा खोका, आपला आपन एक सूर जादा लावतो."

ही शुद्ध थाप होती. ते वाजवायचे तो ऑर्केस्ट्रा मोडला, बायको धोंडाबाई गेली, तेव्हापासून तात्यांचं वाजवणं ऐकायला घरी कुणी फिरकत नव्हतं. निदान हा सूर ऐकायला तरी कुणी येईल, एवढीच त्यांना आस. अँपची विजेची वायर तर उंदीर कुरतडतात म्हणून ते पिशवीत घालूनच बाहेर पडायचे. आत्ताही ती मांडीवरच्या पिशवीत होती.

तेवढ्यात तात्यांच्या घराशेजारची रेश्मा दूध घालायला टपरीवर आली, तिनं हे ऐकलं.

"खोटं बोलू नका, तात्या! एकच सूर व्हय? तुमी हितं बसलाय, आन् तुमच्या कुलूप लावलेल्या घरात सकाळधरनं त्या अँपचं गानं चालूच हाय."